शाफ्ट तुटतो एकीकडे, कारण असतं दुसरीकडे

मिरकरवाडा, हर्णै, देवगड, कुठल्याही बंदराजवळच्या वर्कशॉपमध्ये जा. कोपऱ्यात मासेमारी बोटींच्या तुटलेल्या शाफ्टांचे, म्हणजे इंजिनाची ताकद पंख्यापर्यंत (प्रोपेलरपर्यंत) नेणाऱ्या दांड्यांचे, तुकडे पडलेले असतात. त्यातला एखादा उचलून उजेडात धरा. काही तुकडे काटकोनात सरळ तुटलेले दिसतील. ते बहुधा वाकून वाकून तुटलेले असतात. अलाइनमेंट गेलेली असते, स्टर्न ट्यूबचा (शाफ्ट ज्या नळीतून बोटीबाहेर पाण्यात जातो तिचा) बुश झिजलेला असतो किंवा पंखा खडकाला लागून वाकडा झालेला असतो. पण काही तुकड्यांचा तुटलेला चेहरा तिरका असतो. चावीच्या (शाफ्टावरचा जोड घसरू न देणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या) खाचेच्या कोपऱ्यातून चीर निघते आणि साधारण ४५ अंशांत कलत शाफ्टाभोवती वळत जाते. बारकाईने पाहिलं तर त्या चेहऱ्यावर एकामागून एक वक्र रेषा दिसतात. चीर थोडी थोडी करत पुढे सरकत गेल्याच्या त्या खुणा. असा शाफ्ट एका दणक्यात गेलेला नसतो. तो लाखो वेळा या बाजूला आणि त्या बाजूला पिळला गेलेला असतो.

बंदरावर यावर ठरलेलं उत्तर मिळतं, "माल हलका लागला." मग मालक पुढच्या वेळी जाड शाफ्ट टाकतो. काही वेळा तो टिकतो. काही वेळा मात्र नवा जाड शाफ्ट जुन्यापेक्षाही लवकर तुटतो, आणि मालक, मिस्त्री आणि शाफ्ट विकणारा यांच्यात वाद पेटतो. तिघंही आपापल्या जागी खरे असू शकतात. माल चांगला असतो, बसवणी चांगली असते, इंजिनही ठणठणीत असतं. तरीही शाफ्ट तुटतो, कारण इंजिनापासून पंख्यापर्यंतच्या सगळ्या लाइनीची मिळून एक लय असते आणि इंजिनाचे ठोके नेमके त्या लयीवर पडत असतात. याला इंजिनिअर टॉर्शनल व्हायब्रेशन म्हणतात. आपण पिळाचं कंपन म्हणू. ऑगस्टच्या खवळलेल्या पाण्यात, वारा बोटीला किनाऱ्याकडे ढकलत असताना शाफ्ट गेला तर बोटीवरच्या माणसांच्या जिवावर बेततं. म्हणून हा विषय पुस्तकात न राहता बंदरापर्यंत यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात इंजिनापासून करू. इंजिनाची ताकद शाफ्टाला सलग मिळत नाही, ठोक्याठोक्याने मिळते. चार स्ट्रोकच्या डिझेल इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. त्या वेळी आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या शंभरपट किंवा त्याहूनही वर जातो आणि पिस्टन क्रँकला (इंजिनाच्या आतल्या मुख्य फिरत्या दांड्याला) जोरात ढकलतो. हा जोर जेमतेम अर्धा फेरा टिकतो. उरलेल्या दीड फेऱ्यात तो सिलिंडर काहीच देत नाही, उलट कॉम्प्रेशनच्या वेळी शाफ्टाकडूनच ताकद मागून घेतो. सहा सिलिंडर असले की दोन फेऱ्यांत सहा ठोके, म्हणजे एका फेऱ्यात तीन. ९०० आरपीएमवर (मिनिटाला ९०० फेऱ्यांवर) क्रँक सेकंदाला १५ फेरे घेतो, म्हणजे शाफ्टावर सेकंदाला ४५ ठोके पडतात. मोठं फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाचं जड चाक) बसवलं की वेग बऱ्यापैकी सारखा होतो. पण फ्लायव्हीलच्या अलीकडचा क्रँक हे ठोके पूर्ण सोसतोच, आणि पलीकडच्या लाइनीतही त्यांचा थोडा अंश जातो. तो थोडा अंश केव्हा भारी पडतो, तीच खरी गोष्ट आहे.

पोलादाचा शाफ्ट हाताला कितीही ताठ वाटला तरी तो स्प्रिंग आहे. ६० मिलिमीटर जाड आणि ३ मीटर लांब पोलादी शाफ्ट घ्या आणि त्यावर १,८०० न्यूटन-मीटरचा टॉर्क (फिरवणारा जोर) लावा. गिअरबॉक्सने वाढवून दिलेला इतका टॉर्क ट्रॉलरच्या शाफ्टावर सहज असतो. तेवढ्यानेच शाफ्टाचं एक टोक दुसऱ्याच्या तुलनेत सुमारे ३ अंश फिरतं. मध्यापासून १०० मिलिमीटरवर खूण केली तर ती ५ मिलिमीटर सरकलेली दिसेल. हा पीळ कायम एकसारखा राहिला तर शाफ्टाचं काहीच बिघडत नाही, तो त्यासाठीच बनवलेला असतो. त्रास होतो तो या तीन अंशांच्या आजूबाजूला सुरू असलेल्या मागेपुढे हेलकाव्याने.

हे हाताने अनुभवायचं असेल तर एक सोललेला नारळ जाड तारेला घट्ट बांधून माडीच्या वाशाला टांगा. नारळ थोडा पिळून सोडा. तो एका बाजूला उलगडेल, पुढे जाऊन उलट पिळला जाईल, पुन्हा परत येईल. एका हेलकाव्याला लागणारा वेळ ठरलेला असतो. कमी पिळा किंवा जास्त पिळा, वेळ तोच. तार जाड केली तर हेलकावे झपझप होतात, नारळ मोठा बांधला तर संथ. आता दोन बोटांनी नारळाला अगदी हलका धक्का द्या, पण प्रत्येक हेलकाव्याला, बरोबर त्याच वेळी. दहा-बारा धक्क्यांत तो इतका फिरू लागतो की एका धक्क्याने तितका फिरवणं तुम्हाला जमलंच नसतं. धक्का अवेळी द्या, तर नारळ जागच्या जागी घुटमळतो. इंजिनाच्या ठोक्यांची लय आणि लाइनीची स्वतःची लय एक झाली की जे होतं त्याला रेझोनन्स म्हणतात, आणि ते एवढंच आहे.

बोटीत तारेच्या जागी शाफ्ट असतो. फरक इतकाच की दोन्ही टोकांना जडत्व असतं. एका बाजूला इंजिन आणि फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला पंखा. दोघंही पुढच्या दिशेने फिरत असतातच, पण त्या फिरण्यावर स्वार होऊन एक जरा पुढे जातो तेव्हा दुसरा जरा मागे राहतो, मग उलट. पंखा पाण्यात फिरताना आपल्याभोवतीचं थोडं पाणीही सोबत फिरवतो, म्हणून हिशेबात पंख्याचं जडत्व साधारण पाव पट वाढवून धरण्याची पद्धत आहे. पाणी एक उपकारही करतं. ते हेलकावा शोषून घेतं. पंख्याला पाण्याचा हा आधार नसता तर रेझोनन्सवर लाइन फार लवकर तुटली असती.

आता आकडे. हिशेब समजावा म्हणून आखूड शाफ्टाची एक बोट मानू, सहा सिलिंडरचं इंजिन, आयडल (बिनभाराचा किमान वेग) ६००, पूर्ण वेग १,८०० आरपीएम, मध्ये रबरी कपलिंग (दोन भाग जोडणारा रबराचा सांधा) नाही. तिच्या लाइनीची स्वतःची लय सेकंदाला ४५ हेलकावे आहे. आधीच पाहिलं, ९०० आरपीएमवर ठोकेही सेकंदाला ४५ पडतात. म्हणजे ९०० हा या बोटीचा घातक वेग. एका फेऱ्यात कंपनाचे तीन ठोके, म्हणून याला तिसरी ऑर्डर म्हणतात. घातक वेग काढायचं गणित सोपं आहे. लाइनीची लय गुणिले ६०, भागिले ऑर्डर. सहाव्या ऑर्डरसाठी (एका फेऱ्यात सहा ठोके) ४५० आरपीएम येतो, तो आयडलच्या खाली आहे, म्हणून चालताना त्याचा त्रास नाही.

९०० वर बोट अडकून राहिली तर काय होतं पाहा. सेकंदाला ४५ हेलकावे म्हणजे तासाला १ लाख ६२ हजार. दहा तासांच्या फेरीत सोळा लाख. एक कोटी हेलकाव्यांना साधारण ६२ तास लागतात. मोटारीच्या क्रँकला एक कोटी हेलकावे सोसले की आता पुढे तो टिकणार असं मानतात. समुद्राच्या पाण्यात तशी खात्री नसते. खाऱ्या पाण्यात धातू थकत जातो आणि पोलादाला जी सुरक्षित मर्यादा कोरड्या हवेत असते ती तिथे उरत नाही. पीळ मर्यादेत असला तरी चीर निघू शकते, फक्त वेळ जास्त लागतो. आणि चीर कुठून निघते? सरळ शाफ्टावर पीळ सगळीकडे जवळपास सारखा असतो. म्हणून तो तिथे तुटतो जिथे आकार बदलतो. चावीची खाच, टेपरची सुरुवात, नटाचे आटे, गंजाचा खड्डा. तुटलेल्या जागेकडे बोट दाखवून 'इथे माल खराब होता' म्हणणं म्हणूनच फसवं असतं. तिथे खाच होती, बाकी त्या जागेचा काही गुन्हा नव्हता.

आता जाड शाफ्टाची गोष्ट. शाफ्टाचा व्यास दहा टक्के वाढवला की त्याचा ताठपणा जवळपास दीडपट होतो, कारण ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. लय त्याच्या वर्गमुळाने वाढते, म्हणजे १.२१ पट. आपल्या बोटीची लय ४५ वरून साडेचोपन्नवर जाते आणि घातक वेग ९०० वरून १,०९० च्या आसपास सरकतो. आधी मालक ९०० वर कधी थांबतच नसेल, बंदरातून बाहेर पडताना तो वेग ओलांडून जात असेल. पण जाळं ओढताना तासन्तास तो १,१०० वर इंजिन ठेवत असेल तर? जुना शाफ्ट ज्या वेगाला निवांत होता, नवा शाफ्ट त्याच वेगाला रेझोनन्सवर बसला. जाडीमुळे त्याची ताकद नक्की वाढली, दहा टक्के व्यासाला सुमारे तेहतीस टक्के. पण रेझोनन्समध्ये पीळ काही पटींनी वाढतो. तेहतीस टक्क्यांची शिल्लक तिथे पुरत नाही. भांडणाचं मूळ हे असतं आणि ते कुणालाच दिसत नाही.

गिअरबॉक्सबद्दल जास्त सांगायला हवं, कारण कोकणात इंजिन आणि गिअरबॉक्स बदलून बसवण्याचं काम सर्रास चालतं आणि त्यात ही बाब बहुतेक विचारात घेतलीच जात नाही. गिअरबॉक्स वेग कमी करतो आणि टॉर्क वाढवतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण इंजिनाच्या बाजूने पाहिलं की पलीकडचं जडत्व आणि शाफ्टाचा ताठपणा दोन्ही गुणोत्तराच्या वर्गाने कमी भासतात. तीनास एकचा गिअरबॉक्स असेल तर पंखा इंजिनाला नऊ पटींनी हलका वाटतो. चारास एकचा बसवला तर सोळा पटींनी. म्हणजे शाफ्ट तोच, पंखा तोच, इंजिन तेच, आणि तरी लाइन वेगळी. दुसऱ्या बोटीवरून काढलेला चालू स्थितीतला गिअरबॉक्स आपल्या बोटीवर बसवताना त्याची झीज, तेल, क्लच प्लेटा सगळं तपासलं जातं. गुणोत्तर वेगळं असलं की मात्र घातक वेग कुठे गेला हे विचारलंच जात नाही. पंख्याचंही तसंच. तीन पात्यांचा काढून चार पात्यांचा जड पंखा लावला की लय खाली येते, आणि शिवाय पात्यांचे ठोके वेगळे पडू लागतात, कारण बोटीच्या मागच्या भागामुळे पाणी सगळीकडे सारखं नसतं आणि प्रत्येक पातं त्या असमान पाण्यातून जाताना एक धक्का घेतं.

यावर उपाय म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये रबरी कपलिंग टाकतात. रबर मऊ असल्याने लाइनीची लय एकदम खाली येते. आपल्या बोटीत ४५ ची १२ झाली असं समजा. मग तिसऱ्या ऑर्डरचा घातक वेग २४० आरपीएम होतो. इंजिन सुरू होताना आणि बंद होताना त्यातून क्षणभर जातं, बस्स. इंजिन बंद करताना शेवटी गिअरबॉक्समधून जो एक गडगडाट येतो तो याच क्षणाचा असतो. काम भागलं. पण एक गोष्ट राहते, आणि माझ्या मते ट्रॉलरवाल्यांनी सगळ्यात जास्त लक्ष द्यावं अशी हीच आहे.

सहाही सिलिंडर सारखं काम करत असतात तेव्हा लहानसहान ऑर्डरी एकमेकींना मारून टाकतात. अर्धी, पहिली, दीड, दुसरी, या सगळ्या प्रत्येक सिलिंडरमध्ये असतात, पण सहा जणांची बेरीज केली की शून्य येते. उरते तिसरी, सहावी, नववी. एका सिलिंडरचं नोझल गेलं, डिझेल नीट फवारलं गेलं नाही, मिसिंग सुरू झालं, की बेरीज शून्य राहत नाही. दोन फेऱ्यांतून एकदा एक ठोका चुकतो आणि अर्धी ऑर्डर जागी होते, सोबत पहिली आणि दीडवी. आता १२ च्या लयीसाठी गणित पुन्हा करा. पहिल्या ऑर्डरचा घातक वेग ७२० आरपीएम, अर्ध्या ऑर्डरचा १,४४०. म्हणजे एक नोझल खराब असलेलं इंजिन १,४४० वर तासभर चालवलं तर रबरी कपलिंग आतून तापत जातं. रबराचा हेलकावा उष्णतेत बदलतो आणि रबर उष्णता बाहेर जाऊ देत नाही, म्हणून मधला भाग बाहेरच्यापेक्षा जास्त तापतो. पहिल्यांदा वास येतो, मग कपलिंगखाली काळी पूड दिसते, मग रबर फाटतं. रबरी कपलिंग नसलेल्या आपल्या पहिल्या बोटीत तर आणखी वाईट. दीडव्या ऑर्डरचा घातक वेग ६० गुणिले ४५ भागिले १.५, म्हणजे १,८००. बरोबर पूर्ण वेगावर. नोझल चांगली असतील तर तिथे काहीच नाही. एक नोझल बिघडलं की पूर्ण वेगावर शाफ्ट पिळला जाऊ लागतो. नोझलचं काम पुढच्या फेरीवर ढकलण्याचा निर्णय मालकाला पैशांचा वाटतो. त्यात शाफ्टही पणाला लागलेला असतो.

त्यामुळे समुद्रात असताना एक सिलिंडर मिसिंग करू लागला तर वेग कमी करावा, आणि नोझल बदलेपर्यंत घाईने परतू नये. कुठल्या वेगावर रेंगाळू नये हे प्रत्येक बोटीसाठी वेगळं असेल. रबर जुनं होत गेलं की ते कडक होतं आणि लय पुन्हा वर चढते, हेही ध्यानात ठेवा. चांगलं दिसणारं पण दगडासारखं कडक झालेलं कपलिंग कामाचं उरलेलं नसतं.

हे सगळं लक्षात न येण्याचं कारण सांगायला हवं. वाकडा पंखा बोट हलवतो, पायाखाली थरथर जाणवते, चहाचा कप सरकतो. पिळाचं कंपन बोट हलवत नाही. शाफ्टाचा मध्य जागच्या जागी असतो, तो फक्त आपल्या अक्षाभोवती मागेपुढे होतो. शाफ्टाकडे पाहत उभं राहिलं तरी फिरणारा लखलखीत शाफ्ट तसाच दिसतो. वीस वर्षांचा अनुभव असलेला इंजिन ड्रायव्हर हाताने नोझलची गडबड ओळखतो, बेअरिंगची ओळखतो, पण इथे हाताला काही लागतच नाही. मोबाइल इंजिनावर ठेवून मोजणारी अॅपंही इथे निरुपयोगी आहेत, कारण ती हलणं मोजतात, पिळणं नाही. तज्ज्ञ फ्लायव्हीलच्या दात्यांसमोर चुंबकी सेन्सर लावतात आणि एका दात्यापासून दुसऱ्या दात्यापर्यंतचा वेळ मोजतात. फिरणं एकसारखं असेल तर वेळ सारखा, पीळ असेल तर वेळ कमीजास्त. दुसरी रीत म्हणजे शाफ्टावरच पातळ स्ट्रेन गेज (धातूचा ताण मोजणारी पट्टी) चिकटवून त्याची माहिती बिनतारी घेणं.

मोजायची सोय नसली तरी काही खुणा असतात. त्या एकेकट्या पाहिल्या तर वेगवेगळे बिघाड वाटतात. एका ठरावीक वेगावर गिअरबॉक्समधून कडकड येते, वेग थोडा वर किंवा खाली केला की जाते. ती गिअरबॉक्सच्या झिजेची नसेलही. मागेपुढे होणारा टॉर्क सरासरी टॉर्कपेक्षा मोठा झाला की गिअरचे दात क्षणभर सुटतात आणि परत आपटतात. लोड कमी असताना हे लवकर होतं, म्हणूनच आयडलला कडकड आणि जोरात चालवताना शांतता, असा अनुभव येतो. क्रँकच्या पुढच्या पुलीचे बोल्ट पुन्हा पुन्हा सैल होणं, पंख्याच्या बाजूचा फ्लँज आणि शाफ्ट यांच्या जोडात तांबूस पूड दिसणं, चावी चेपली जाणं, टायमिंग गिअरचे दात एका बाजूने लवकर झिजणं, हे सगळं एका बोटीवर एकाच हंगामात दिसलं तर निरनिराळे मिस्त्री बोलावण्यापेक्षा एकदा लाइनीचा हिशेब करून घ्या.

आता क्रँककडे. आतापर्यंत आपण इंजिन हा एक गोळा धरला होता, पण क्रँक स्वतः लांब असतो आणि तो आतल्या आत पिळला जातो. त्याची लय फार वर असते. मागच्या टोकाला जड फ्लायव्हील असल्याने ते जवळपास स्थिर राहतं आणि पुढचं मोकळं टोक सगळ्यात जास्त हेलकावतं. पीळ मात्र सगळ्यात जास्त फ्लायव्हीलच्या जवळच्या जर्नलवर (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर) बसतो. हालचाल एका टोकाला आणि तुटणं दुसऱ्या टोकाला, हेच पुन्हा. म्हणून डॅम्पर, म्हणजे हेलकावा शोषून घेणारा भाग, पुढच्या टोकाला बसवलेला असतो, पुलीजवळ. रबरी डॅम्परमध्ये आतला हब आणि बाहेरचं जड कडं यांच्यात रबराची पट्टी असते. दुसऱ्या प्रकारात बंद डबीत जड कडं असतं आणि त्याच्याभोवती घट्ट सिलिकॉन तेल. कडं आपल्या जडत्वाने मागे राहतं, तेल घासलं जातं आणि हेलकावा उष्णता होऊन निघून जातो. म्हणून डॅम्पर गरम असणं हे त्याच्या कामाचं लक्षण आहे. कोकण रेल्वेवर अनेक वर्षं धावलेल्या डिझेल लोकोंची १६ सिलिंडरची इंजिनंही याच तत्त्वाच्या डॅम्परवर अवलंबून होती. 

रबरी डॅम्परचं एक काम तुम्ही स्वतः करू शकता. हब आणि कडं दोन्हींवर जाईल अशी एक सरळ पांढरी रेघ ऑइल पेंटने मारून ठेवा. काही आठवड्यांनी रेघ तुटून दोन तुकडे बाजूला सरकलेले दिसले तर रबर सुटलेलं आहे, डॅम्पर मेलेला आहे, बदला. सिलिकॉनच्या डबीला हातोडी मारू नका. बाहेरून पोचा गेला की आतलं कडं अडकतं आणि डॅम्पर नुसता जड भार बनतो. विंच किंवा हायड्रॉलिक पंप चालवायला पुढच्या टोकाला जादा जड पुली लावली तर तीही क्रँकची लय खाली आणते. पुली लागतेच, तेव्हा ती हलकी घ्यावी.

या सगळ्याचा शोध समुद्रावरच लागला. १९०२ मध्ये हॅम्बुर्गच्या ब्लोम उंड फॉस जहाजबांधणीतल्या हेरमान फ्राम यांनी वाफेच्या जहाजांच्या शाफ्टांवर प्रत्यक्ष मोजमाप करून दाखवलं की शाफ्ट चालताना पिळतात आणि ठरावीक वेगाला हा पीळ भयंकर वाढतो. कोकण किनाऱ्याला लागून धावणाऱ्या आगबोटींचाच तो काळ. थोड्याच वर्षांत मोटारींच्या सहा सिलिंडर क्रँकांनाही तोच रोग लागला आणि त्यावर फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९१० च्या सुमारास डॅम्परचं पेटंट घेतलं. १९२१ मध्ये हाइनरिख होल्त्सर यांनी कागदावर तक्ता मांडून लय काढायची पद्धत छापली. गणकयंत्रं नव्हती तेव्हा तोच तक्ता जगभर वापरला गेला आणि आजही इंजिनिअरिंगच्या वर्गात शिकवला जातो.

मोठी जहाजं वेगळ्या रीतीने याला सामोरी जातात. जयगडला लागणाऱ्या मालवाहू जहाजांचं मुख्य इंजिन बहुतेक दोन स्ट्रोकचं, संथ आणि थेट पंख्याला जोडलेलं असतं. तिथे रेझोनन्स टाळता येत नाही, म्हणून टॅकोमीटरवर (इंजिनाचा वेग दाखवणाऱ्या तबकडीवर) एक पट्टा लाल करतात आणि त्या पट्ट्यातून भरभर पुढे जायचं, तिथे थांबायचं नाही, असा हुकूम असतो. जहाजांची बांधणी तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगसारख्या वर्गीकरण संस्था पिळाच्या कंपनाचा हिशेब पाहिल्याशिवाय असं जहाज पास करत नाहीत. मासेमारीच्या छोट्या बोटींच्या मागे असा कुणी नसतो. तो हिशेब मालकाने स्वतः मागायचा असतो.

१ जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागली की बोटी ओढल्या जातात आणि दुरुस्तीची दोन महिने सवड मिळते. नवं इंजिन, गिअरबॉक्स, शाफ्ट किंवा पंखा यातलं काहीही बदलणार असाल तर विक्रेत्याकडे टॉर्शनल व्हायब्रेशनचा हिशेब लेखी मागा. तो देण्यासाठी त्याला तुमच्याकडून माहिती लागेल. शाफ्टाची जाडी आणि लांबी, गिअरबॉक्सचं गुणोत्तर, पंख्याचं वजन, व्यास, पाती किती, कपलिंग कोणतं, विंचसाठी पुढे काय लावलंय. हे आकडे वहीत असू द्या. पंखा काढलेला असतानाच त्याचं वजन करून ठेवा, नंतर तो पाण्याखाली जातो.

हंगाम सुरू झाला की पहिल्या फेरीत जाळं न टाकता, शांत पाण्यात, आयडलपासून पूर्ण वेगापर्यंत ५०-५० आरपीएमने चढत जा. प्रत्येक पायरीवर मिनिटभर थांबा आणि एक जण गिअरबॉक्सजवळ कान देऊन बसवा. ज्या वेगाला कडकड किंवा गुरगुर उठते आणि पुढे जाते, तो वेग टॅकोमीटरच्या काचेवर लाल रंगाने आखा. तांडेल (बोटीचा प्रमुख) आणि ड्रायव्हर दोघांनाही तो पट्टा दाखवा. जाळं ओढण्याचा तुमचा नेहमीचा वेग त्या पट्ट्यात पडत असेल तर शंभर आरपीएम वर किंवा खाली घ्या, आणि पुढच्या बंदीपर्यंत कपलिंग किंवा शाफ्टाच्या बदलाचा हिशेब करून घ्या.